वाचकांचे प्रश्न: टाकीतलं पाणी, जारचं पाणी आणि त्यातलं प्लास्टिक

मागच्या अंकात पाण्यातल्या बारीक प्लास्टिकवर एक छोटी चौकट छापली होती. पाच मिलिमीटरपेक्षा बारीक तुकडा म्हणजे मायक्रोप्लास्टिक आणि एका मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही खाली गेला की नॅनोप्लास्टिक, एवढंच काय ते त्यात होतं. पण त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सॲप आले की सगळे छापायचे तर रेसिपीचं पान काढावं लागेल आणि मग त्याची वेगळी पत्रं येतील. म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढलीत, गावं ठेवलीत.

प्रश्न (लातूर): ताई, आमच्या भागात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, त्यामुळं गच्चीवर काळी टाकी, खाली दोन निळे ड्रम, स्वयंपाकघरात प्लास्टिकचं पिंप, म्हणजे पाणी घरात आल्यापासून पोटात जाईपर्यंत प्लास्टिकमधेच असतं. परवा एक आरओवाला आला, त्यानं मीटर बुडवून टीडीएस ८०० दाखवला आणि मग ग्लासात दोन सळयांचं यंत्र घातलं तर पाणी एकदम तपकिरी झालं, म्हणे हे बघा तुम्ही काय पिताय, यात प्लास्टिकपण आलं. त्याच्या मशीनच्या पाण्याला मात्र काहीच झालं नाही. घ्यावा का आरओ?

उत्तर: आधी त्या सळयांचं बघू, कारण हा खेळ आमच्या गल्लीतपण होऊन गेलाय. त्या यंत्रात एक सळई लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज चांगली वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. जो तपकिरी गाळ तुम्ही बघितला तो तुमच्या पाण्यातला नाही, त्या सळईचा आहे. आरओच्या पाण्यात क्षार फारसे उरलेले नसतात म्हणून वीज नीट वाहत नाही आणि ते स्वच्छ दिसतं. टीडीएसच्या मीटरचंही तसंच, तो फक्त विरघळलेले क्षार मोजतो. ग्लासात मूठभर प्लास्टिकचा भुगा टाकून हलवलं तरी त्याचा आकडा जागचा हलणार नाही. प्लास्टिक मोजायला पाणी बारीक फिल्टरवर गाळून ते खास सूक्ष्मदर्शकाखाली, लेझर किंवा इन्फ्रारेड लावून बघावं लागतं, ते काम दारात उभं राहून होत नाही.

आता आरओ. त्याच्या पडद्याची भोकं इतकी बारीक असतात की त्यातून विरघळलेला क्षारसुद्धा मोठ्या मुश्किलीनं जातो, त्यामुळं प्लास्टिकचे कण अडतात हे खरंय. पण तो पडदा स्वतः पॉलिअमाइडचा, म्हणजे नायलॉनच्या जातीतलं प्लास्टिक, आणि मशीनमधे गाळलेलं पाणी साठतं ती टाकी पण प्लास्टिकची. त्यात पाणी किती वाया जातं ते बघा, घरगुती मशीनला एक लिटर प्यायला मिळालं की दोन-तीन लिटर मागच्या नळीनं बाहेर. २०१६ च्या एप्रिलमधे मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं लातूर आहे हे, इथं ते पाणी मोरीत सोडणं जिवावर येतं. पाण्याचा टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथं आरओ वापरूच नये असं राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मधेच म्हणलं होतं. तुमचा खरोखर ८०० असेल, म्हणजे बोअरचं पाणी मिसळत असेल, तर चवीसाठी आणि क्षार कमी करायला आरओ घ्यायला हरकत नाही, फक्त मागच्या नळीखाली बादली लावा आणि ते पाणी फरशीला, संडासाला वापरा, कॅन्डल-मेम्ब्रेन वेळेवर बदला. निव्वळ प्लास्टिकच्या भीतीनं मात्र अठरा-वीस हजार घालू नका. त्या कामाला यूएफचा, म्हणजे अल्ट्राफिल्ट्रेशनचा साधा फिल्टर पुरतो, त्याची भोकं साधारण ०.०१ मायक्रॉनची असतात, तो पाणी वाया घालवत नाही आणि बऱ्याच मॉडेलला वीजही लागत नाही. किंवा आपला जुना स्टीलचा कॅन्डल फिल्टर, ज्यात वरच्या डब्यात पाणी ओतायचं आणि खालच्या तोटीनं घ्यायचं. चांगल्या सिरॅमिक कॅन्डलमधून सुटतात ते बहुतेक एका मायक्रॉनच्या आत-बाहेरचे कण, त्याच्यापेक्षा मोठं काही सहसा जात नाही. कितीतरी घरांत तो माळ्यावर पडलाय. काढा खाली, कॅन्डल नवीन टाका.

पण मला विचाराल तर तुमच्या पत्रातली महत्त्वाची गोष्ट आरओ नाही, ती टाकी आणि ते ड्रम. प्लास्टिक मोडतं ते ऊन, उष्णता आणि घासण्यानं. आपल्याकडं एप्रिल-मेमधे ४२-४३ डिग्रीला गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हात भाजेल इतकं तापतं. टाकीचा बाहेरचा भाग हात फिरवला की खडूसारखी पूड लागते, ते उन्हानं मोडलेलं पॉलिथिन आहे. बऱ्याच टाक्यांना आतून वेगळा थर असतो आणि आत ऊन लागत नाही म्हणून आतल्या भिंतीची अशी पूड होत नाही, पण झाकण उघडं किंवा तुटकं असेल तर बाहेरची पूड, कपड्यांचे धागे, गच्चीवरची धूळ सगळं आत जातं. झाकण घट्ट करा. टाकीवर सावली करा, पण ती हिरवी शेडनेटची नको, ती दोन उन्हाळ्यात चिंध्या होऊन खाली पडते आणि त्या चिंध्या म्हणजे तेच प्लास्टिक, त्यापेक्षा पत्रा टाका. टाकी धुताना तारेचा ब्रश फिरवू नका, सुती फडकं घ्या.

आणि प्यायचं पाणी त्या टाकीत चढवायचंच कशाला? नळ आला की पहिली काही मिनिटं पाईपात बसलेलं पाणी येतं, ते धुण्याच्या बादलीत जाऊ द्या, मग थेट नळावरून प्यायचं पाणी स्टीलच्या टाकीत किंवा हंड्या-घागरीत भरा. नळाला सुती फडकं बांधायची आपल्या घरांतली पद्धत चांगलीच आहे. दहा दिवसांचं प्यायचं पाणी स्टीलमधे मावत नाही हे मलाही माहितीय, मग निदान दोन-तीन दिवसांचं तरी मावेल, बाकीचं सावलीतल्या पिंपातून काढून घेत जा. काढताना अगदी वरचं आणि अगदी तळचं घेऊ नका. पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं म्हणून वर येतं, बाटलीचं पेट आणि पाईपाचं पीव्हीसी जड म्हणून खाली बसतं. अगदी बारीक कण मधे तरंगत राहतात ते राहतात, त्यांना फिल्टर.

निळ्या ड्रमबद्दल एकच, ते बाजारातून केमिकलचे वापरलेले घेतले असतील तर प्यायच्या पाण्याला आजच बंद करा. प्लास्टिकचे कण हा त्यातला सगळ्यात किरकोळ प्रश्न आहे.

प्रश्न (आष्टी, जि. बीड): आमचं बोअरचं पाणी एवढं जड आहे की डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पातेल्याला पांढरी खपली धरती. टीव्हीवर सांगू लागले होते की पाणी उकळलं की त्यातलं प्लास्टिक निघून जातं. उकळून प्लास्टिक कसं जाईल, उलट वितळून पाण्यात मिसळणार नाही का?

उत्तर: प्रश्न आवडला, कारण या बाबतीत तुमचं बदनाम पाणी पुण्या-मुंबईच्या गोड पाण्यापेक्षा कामाचं निघालंय.

२०२४ मधे चीनच्या ग्वांगझू शहरातल्या संशोधकांनी हे करून बघितलं. नळाच्या पाण्यात मुद्दाम प्लास्टिकचे बारीक कण मिसळले, पाच मिनिटं उकळलं, थंड होऊ दिलं आणि गाळलं. पाण्यात कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात लिटरला ८० मिलिग्रॅम जडपणा होता तेव्हा ३४ टक्के कण निघाले, १८० ला ८४ टक्के आणि ३०० ला जवळपास ९० टक्के. अगदी मऊ पाण्यात मात्र चौथा हिस्साच निघाला. कारण काय, तर जड पाणी तापलं की त्यात विरघळलेला चुना पाण्याबाहेर पडायला लागतो, तीच तुमच्या पातेल्याची पांढरी खपली, आणि ती धरताना प्लास्टिकच्या कणाभोवती धरते, लाडवात बेदाणा अडकावा तसा कण आत अडकतो. वितळून मिसळायचं म्हणाल तर पाणी १०० डिग्रीच्या वर जात नाही, आणि तेवढ्या तापमानाला ही प्लास्टिकं पाण्यात विरघळत नाहीत.

आपल्याकडं सगळा काळा बेसॉल्ट खडक, त्यातून मुरून येणारं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊनच येतं. भारतीय मानकात प्यायच्या पाण्याचा जडपणा २०० पर्यंत चांगला आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा असं आहे. आष्टी-पाटोदा भागात कितीतरी बोअर तीनशेच्या वर सहज जातात. म्हणजे त्या प्रयोगातला सगळ्यात चांगला निकाल ज्या पाण्याला आला तसलं पाणी तुमच्या अंगणात आहे.

करायचं कसं तर प्लास्टिकच्या इलेक्ट्रिक किटलीत नाही, स्टीलच्या पातेल्यात. उकळी फुटल्यावर चांगली पाच मिनिटं खळखळू द्या. मग झाकून तसंच ठेवा, हलवू नका, रात्री उकळलं तर सकाळी घ्या. पांढरा गाळ खाली बसलेला असेल. वरचं पाणी सावकाश दुसऱ्या भांड्यात सुती कापडातून ओता आणि तळचं दोन बोटं पाणी झाडाला. सगळं अवलंबून आहे ते या गाळण्यावर, कारण उकळून तसंच ढवळून प्यायलं तर चुन्यात अडकलेलं प्लास्टिक चुन्यासकट पोटात गेलं, मग काय उपयोग. ज्यांच्याकडं कॅन्डल फिल्टर आहे त्यांनी उकळून, निवळून त्यात ओतलं तर सोन्याहून पिवळं. पातेल्याची खपली अधूनमधून लिंबू किंवा व्हिनेगरनं काढा.

आता याची दुसरी बाजू सांगितली नाही तर माझं उत्तर अर्धवट राहील. उकळून सगळाच जडपणा जात नाही, सल्फेट-क्लोराइडमुळं आलेला तसाच राहतो, म्हणून खारट पाणी उकळून गोड होत नाही. आणि नायट्रेट, फ्लोराइड तर अजिबातच जात नाहीत, उलट पाणी आटलं की थोडे दाटच होतात. मराठवाड्यात खताच्या आणि गोठ्याच्या झिरपण्यानं बऱ्याच विहिरी-बोअरमधे नायट्रेट जास्त सापडतं, नांदेड जिल्ह्यात किनवटकडं फ्लोराइडची दुखणी जुनी आहेत. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, फ्लोराइडची १, फार तर १.५. तान्ह्या लेकराला जास्त नायट्रेटच्या पाण्यानं त्रास होतो, रक्तातून प्राणवायू नीट पोचत नाही, अंग निळं पडतं. तेव्हा प्लास्टिकच्या आधी बोअरचं पाणी एकदा तपासून घ्या. जिल्ह्याला भूजल सर्वेक्षण यंत्रणेची प्रयोगशाळा आहे, आणि जलजीवन मिशनमधे प्रत्येक गावातल्या पाच बायकांना किट वापरायचं ट्रेनिंग द्यायचं ठरलेलं आहे. तुमच्या गावात ते किट कपाटात पडलं असेल तर ग्रामपंचायतीला विचारा, चांगलं दमात विचारा.

प्रश्न (अंबड, जि. जालना): माझं वय ७४. आम्ही बारवाचं, ओढ्याचं पाणी पिऊन मोठे झालो, काही झालं नाही. आता नातू म्हणतो आजोबा तुम्ही दर आठवड्याला एटीएम कार्डाएवढं प्लास्टिक खाता. हे सगळं कंपन्यांचं फॅड आहे असं मला वाटतं.

उत्तर: आजोबा, बारवाच्या पाण्यानं काही झालं नाही असं कसं म्हणता, नारू विसरलात का? पायातून हातभर लांब जंत काडीला गुंडाळत गुंडाळत काढायचे ते दिवस तुमच्याच पिढीनं बघितले. पायऱ्यांच्या विहिरी बंद करून, पाणी गाळून प्यायला लावून तो घालवला, २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर केलं. औषधानं नाही, गाळण्यानं गेला तो.

एटीएम कार्डाबद्दल मात्र मी तुमच्या बाजूनं. तो आठवड्याला पाच ग्रॅमचा आकडा २०१९ मधे निघाला आणि जगभर फिरला, पण नंतर दुसऱ्या शास्त्रज्ञांनी हिशोब मांडला तेव्हा तो कित्येक लाख पटींनी फुगलेला निघाला. नातवाला सांगा की कार्ड पाकिटातच आहे.

तरी फॅड म्हणून सोडून देण्यासारखंही नाही हे. इटलीतल्या डॉक्टरांनी मानेच्या रक्तवाहिनीत साचलेली चरबी ऑपरेशननं काढलेल्या रुग्णांची चरबी तपासली, २५७ जणांपैकी १५० जणांच्या चरबीत पॉलिथिन सापडलं, आणि पुढच्या साधारण तीन वर्षांत त्या लोकांमधे हार्ट अटॅक, लकवा किंवा मृत्यूचं प्रमाण बाकीच्यांच्या साडेचार पट होतं. २०२४ चा अभ्यास आहे. प्लास्टिकमुळंच झालं असं त्यानं सिद्ध होत नाही, दोन्ही गोष्टी सोबत दिसल्या एवढंच, पण डोळे मिटून बसावं असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ च्या अहवालात म्हणलंय की १५० मायक्रॉनपेक्षा मोठे कण बहुतेक अंगात न शोषता बाहेर जातात, लहान कणांचा अभ्यास वाढवायला पाहिजे, आणि पाण्यात आधी जंतूंची काळजी घ्या. हा क्रम मला पटतो. गढूळ, जंतूंचं पाणी आज रात्रीच सलाईन लावायला लावतं.

प्रश्न (परभणी): घरी फिल्टर नाही म्हणून आम्ही रोज वीस लिटरचा थंड पाण्याचा जार घेतो, तीस रुपये. लग्नकार्यात तर बाटल्याच असतात. निदान हे पाणी तरी फिल्टर केलेलं म्हणजे प्लास्टिक नसलेलं ना?

उत्तर: नाही. पाणी गाळतात आणि मग प्लास्टिकमधेच भरतात.

२०१८ मधे अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या फ्रेडोनिया कॅम्पसमधे नऊ देशांतल्या अकरा ब्रॅंडच्या २५९ बाटल्या तपासल्या, ९३ टक्क्यांत प्लास्टिक सापडलं, आणि त्या नऊ देशांत आपणही होतो. २०२४ मधे कोलंबिया विद्यापीठानं आणखी बारीक बघणारं तंत्र वापरलं तर लिटरमागं सरासरी २ लाख ४० हजार कण निघाले, त्यातले ९० टक्के नॅनो. त्या बाटल्या अमेरिकेतल्या, तीन ब्रॅंडच्या होत्या हे लक्षात ठेवा, आपल्या जारचा आकडा म्हणून तो सांगत फिरू नका. पण त्यातली गंमत अशी की पेट होतं, जे बाटलीचं, आणि त्यापेक्षा जास्त पॉलिअमाइड होतं, ते बहुधा कारखान्यातल्या आरओच्या पडद्याचं असावं असं त्या शास्त्रज्ञांचं म्हणणं.

आपल्या जारचा प्रवास तर तुम्हीच बघता. टेम्पोत उन्हात, उतरवताना आपटत, आतून ब्रश घालून घासलेला, ओरखडे पडून धुरकट झालेला, तोच जार वर्षानुवर्षं फिरतो. कितीतरी ठिकाणी सील नाही, मार्क नाही, प्लांटची शेवटची तपासणी कधी झाली विचारलं तर मालक हसतो. महिन्याचे नऊशे रुपये होतात तुमचे, दोन-तीन महिन्यांत एका यूएफ फिल्टरचे पैसे निघाले. मधल्या काळात जार घ्यायचाच असेल तर सीलबंद घ्या, खूप घासलेला धुरकट जार परत पाठवा, घरी आला की लगेच माठात किंवा स्टीलमधे ओता. लग्नात स्टीलचे ग्लास आणि माठ ठेवले तर लोक नावं ठेवतील असं वाटतं सगळ्यांना. ठेवू द्या की. आचाऱ्याला आणि मंडपवाल्याला आधी सांगितलं तर ग्लास मिळतात भाड्यानं.

प्रश्न (नांदेड): बाळ चार महिन्यांचं आहे, मला दूध कमी पडतं म्हणून डॉक्टरांनी पावडरचं दूध सुरू केलंय. बाटली उकळून घेते, गरम पाण्यात पावडर टाकून बाटलीतच हलवते. आता वाचलं की गरम बाटलीतून प्लास्टिक सुटतं. रडू आलं वाचून.

उत्तर: रडू नका, बाळाला उपाशी ठेवण्यापेक्षा तुम्ही करताय ते हजार पटींनी चांगलं आहे, आणि बदल छोटासाच करायचाय.

तुम्ही वाचलं ते खरं आहे. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजनं २०२० मधे पॉलिप्रॉपिलीनच्या बाटल्यांवर काम केलं, ७० डिग्रीच्या पाण्यात दूध बनवतात तसं हलवलं तर लिटरमागं १ कोटी ६२ लाखांपर्यंत कण निघाले. पाणी जितकं गरम तितके कण जास्त. पण त्यांनी लगेच उपायही सांगितला. पाणी स्टीलच्या भांड्यात उकळा. पावडर गरम पाण्यातच कालवायची, ते जंतूंसाठी गरजेचं आहे, ते सोडू नका, फक्त बाटलीत न कालवता स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात कालवा, पिण्याइतकं कोमट होऊ द्या आणि मग बाटलीत ओता. बाटली उकळून झाल्यावर उकळून थंड केलेल्या पाण्यानं दोन-तीनदा विसळा. मायक्रोवेव्हमधे बाटली ठेवायची नाही. काचेची बाटली मिळते, जड असते पण टिकते. सगळ्यात सोपं म्हणजे वाटी-चमचा किंवा आजीच्या ट्रंकेतलं बोंडलं, बालरोगतज्ज्ञसुद्धा बाटलीपेक्षा वाटी-चमचाच बरा म्हणतात कारण धुवायला सोपा. आणि तुमच्याकडं बोअरचं पाणी असेल तर वर नायट्रेटचं लिहिलंय ते तुमच्यासाठीच, बाळाच्या दुधाला ते पाणी तपासल्याशिवाय वापरू नका. दूध कमी पडण्याबद्दलही डॉक्टरांशी परत बोला, बऱ्याचदा वाढतं.

प्रश्न (वसमत, जि. हिंगोली): ग्रुपवर मेसेज आलाय, रात्री पाण्यात भेंडी आणि मेथीदाणे भिजत घाला, सकाळी पाण्यातलं ९० टक्के प्लास्टिक गायब. माझी सासू लगेच सुरू झाली. शेवग्याच्या बियांचं पण असंच ऐकलं.

उत्तर: मेसेज अर्धा खरा आहे, म्हणून तो जास्त पसरतो. टेक्सासच्या टार्लेटन स्टेट विद्यापीठात रजनी श्रीनिवासन यांच्या टीमनं भेंडी आणि मेथीच्या चिकट गराचा अर्क काढला, तो वाळवून पूड केली आणि ठरलेल्या मापानं पाण्यात घातली. चिकट रेणू प्लास्टिकच्या कणांना धरतात, गुठळी होते, ती खाली बसते. भूजलात मेथीनं ९० टक्क्यांच्या आसपास कण काढले, समुद्राच्या पाण्यात भेंडी सरस ठरली. पण पुढं ती गुठळी पाण्यातून वेगळी काढलेली आहे. सासूबाई भेंडी घातलेलं पाणी न गाळता पिणार असतील तर प्लास्टिक गेलं कुठं, आणि रात्रभर भाजी भिजलेलं पाणी उन्हाळ्यात आंबतं, जंतू वाढतात. मेथीदाणे शुगरसाठी खात असतील तर खाऊ द्या, तो विषय वेगळा.

शेवग्याच्या बियांनी पाणी निवळतं हे मात्र जुनं आणि पक्कं ज्ञान आहे, तसंच निवळीच्या बीचं आणि तुरटीचं. ब्राझीलमधल्या संशोधकांनी शेवग्याच्या बियांचा अर्क आणि तुरटीच्या जातीचं रसायन शेजारी शेजारी ठेवून प्लास्टिक काढायला वापरलं तर शेवगा मागं पडला नाही. घरात गढूळ टँकरचं पाणी आलं तर तुरटी दोन-चार वेळा फिरवा, झाकून निवळू द्या, वरचं पाणी कापडातून गाळून मग उकळा किंवा फिल्टरला घाला. तुरटीनं निवळलेलं पाणी दिसतं स्वच्छ, पण जंतू त्यात असू शकतात. सासूबाईंना भेंडीवरून तुरटीवर आणा, त्या ऐकतील, कारण तुरटी त्यांनी त्यांच्या सासूकडं बघितलेली असणार.

थोडक्यात विचारलेलं, थोडक्यात:

*तांब्याच्या हंड्यानं प्लास्टिक जातं का?* (उमरगा) नाही. तांबं जंतू कमी करतं. पण हंडा प्लास्टिकचा नाही एवढा फायदा आहेच.

*यूव्हीचं मशीन आहे, पुरे का?* (छत्रपती संभाजीनगर) यूव्ही म्हणजे नुसता दिवा, तो जंतू मारतो, कण अडवत नाही. मशीनमधे सोबत यूएफ आहे का ते मागच्या स्टिकरवर बघा.

*गाळायला कोणतं कापड?* (सेलू) जुनी सुती साडी, चांगली धुऊन मऊ झालेली, चार-आठ पदरी. बांगलादेशात २००३ च्या अभ्यासात अशा साडीनं गाळून कॉलऱ्याच्या केसेस ४८ टक्क्यांनी कमी झाल्या होत्या, कारण घडी घातलेल्या जुन्या सुताची भोकं वीस मायक्रॉनच्या आसपास येतात आणि कॉलऱ्याचे जंतू ज्या बारीक जीवांना चिकटलेले असतात ते अडतात. प्लास्टिकचे मोठे तुकडे, धागे तसेच अडतील, बारीक सुटतील. सिंथेटिक साडी, नायलॉनची ओढणी अजिबात नको, त्यातून धागे उलट पाण्यात सुटतात.

*माझी रिक्षा आहे, दिवसातून पाच-सहा चहा टपरीवर कागदी कपात होतात. तो कप तर कागदाचा आहे ना?* (धाराशिव) आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो दादा, नाहीतर चहा खाली गळला असता. आयआयटी खरगपूरनं मोजलंय, १०० मिली गरम पाणी अशा कपात पंधरा मिनिटं ठेवलं तर साधारण २५ हजार कण त्यात उतरतात. तुम्ही काही पंधरा मिनिटं लावत नसाल चहाला, पण टपरीवाल्याला काचेचा ग्लास मागा, बहुतेकांकडं अजून असतो, फक्त तो नीट धुतोय का बघा. नाहीतर सीटखाली स्वतःचा स्टीलचा ग्लास ठेवा.